अनुभवी कोंबड्या

कोंबड्या आणायचं ठरलं तेव्हा अधीक्षकांनी एकच अट घातली. कोंबड्या अनुभवी हव्यात.

अधीक्षक म्हणजे आता निवृत्त अधीक्षक. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी आस्थापना विभागात काढली. माणसं नेमायची, त्यांच्या बदल्या करायच्या, रजा मोजायच्या आणि अधूनमधून लेखी समज द्यायची. त्यांनी नेमलेल्या माणसांनी पुढे काय दिवे लावले हा भाग वेगळा. पण कोरा उमेदवार घेऊन त्याच्यामागे डोकं फोडण्यापेक्षा मुरलेला माणूस घ्यावा, या मतावरून ते कधी हलले नाहीत. माणसांचं तत्त्व कोंबड्यांना लागू पडतं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. असे प्रश्न ज्यांना पडतात त्यांना कुणी अधीक्षक करत नाही.

खरं तर विषय कोंबड्यांचा नव्हताच, कचऱ्याचा होता. नगरपालिकेने ओला कचरा उचलणं बंद केलं होतं. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, जे काय असेल ते ज्याने त्याने आपल्या घरी जिरवावं असा आदेश निघाला होता. गल्लीने तो आपापल्या स्वभावाप्रमाणे पाळला. शेजारचे दातांचे डॉक्टर रोज सकाळी एक फुगलेली पिशवी घेऊन दवाखान्यात जायला लागले आणि येताना रिकाम्या हाताने यायला लागले. मागच्या घरातल्या मावशींनी कचरा कुंड्यांत पुरायला सुरुवात केली आणि त्यांच्या गुलाबांच्या बुडाशी बटाटे उगवायला लागले. अधीक्षकांच्या घरचा कचरा मात्र मागच्या अंगणात भिंतीशी साठत गेला, आणि एक दिवस बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली ती उघडलीच नाही.

बाई म्हणजे अधीक्षकांच्या पत्नी. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. सकाळी त्या डबा घेऊन बाहेर पडल्या की घर अधीक्षकांच्या ताब्यात यायचं. घर त्याची फारशी दखल घेत नसे.

आता इथे एक नाजूक गोष्ट सांगणं भाग आहे. घरातलं एकही काम अधीक्षकांनी सुरू करून अधीक्षकांनीच संपवलं, असं आजवर झालं नव्हतं. पुस्तकांचं कपाट त्यांनी करायला घेतलं, फळ्या बाईंनी बसवल्या. कुंपणाला रंग द्यायला काढला, तो फाटकापर्यंत त्यांनी दिला आणि फाटकाच्या पुढे बाईंनी. नळाची गळती त्यांनी स्वतः काढायला घेतली तेव्हा तर बाईंना शाळेतून बोलावून आणावं लागलं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं दुसरी एखादी बोलली असती. बाई बोलत नसत. त्या नुसत्या बाह्या वर सारत यायच्या, "सरका जरा" म्हणायच्या, आणि काम व्हायचं. नोकरी होती तोवर हे चालून गेलं, कारण दिवसभर दुसरीकडे कुठेतरी अधीक्षकांच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं. आता त्यांची सही लागायची ती फक्त कुरियरवाल्याला. एक तरी काम आपल्या हातून सुरू होऊन आपल्याच हातून तडीला जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ऐकायला लहान वाटते, पण त्यांच्या जिवाला ती लागून राहिली होती.

अशा मनःस्थितीत त्यांच्या वाचनात एक लेख आला. कचऱ्याच्या ढिगावर कोंबड्या सोडाव्यात. कोंबड्या पायाने ढीग उकरतात, वरचं खाली नि खालचं वर करतात, अळ्या खातात, स्वतःची भर घालतात, आणि बघता बघता उत्तम खत तयार होतं. माणसाने बाजूला उभं राहायचं. हा शेवटचा भाग अधीक्षकांना विशेष पटला.

"यात तू हात घालायचा नाहीस," त्यांनी सकाळच्या चहाला बाईंना सांगून टाकलं.

"बरं."

"काहीही झालं तरी."

"बरं म्हटलं ना."

"वास आला, माशा आल्या, शेजारी आले, तरी."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "शेजारी आले तर त्यांना चहा मी द्यायचा, की तोही तुमच्याकडे?"

हा मुद्दा अधीक्षकांनी विचारार्थ ठेवून घेतला.

गावाबाहेरच्या पोल्ट्रीवाल्याने त्यांना आधी तलंगा दाखवल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. त्या तुरुतुरु पळत होत्या, जमिनीवर चोची मारत होत्या, पायांनी धूळ उडवत होत्या. अधीक्षकांना त्यात पोरकटपणा दिसला.

"यांचा पूर्वानुभव काय?"

"अनुभव कसला साहेब, पोरी आहेत त्या."

"मग नकोत. मुरलेल्या दाखवा. काम केलेल्या."

पोल्ट्रीवाल्याने त्यांना जरा न्याहाळून बघितलं आणि मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे पिंजऱ्यांच्या रांगा होत्या, आणि पिंजऱ्यांत अंडी कमी झाल्यामुळे काढून टाकायच्या म्हणून ठेवलेल्या कोंबड्या होत्या. त्यांची पिसं विरळ झाली होती आणि नजर शांत होती.

"या घ्या," पोल्ट्रीवाला म्हणाला. "जन्म गेला यांचा कामात. एक दिवस रजा नाही."

रजा नाही हे ऐकल्यावर अधीक्षकांनी पुढे काही विचारलं नाही. चार कोंबड्या खोक्यातून घरी आल्या.

अंगणात खोकं उघडलं तेव्हा बाई बंद खिडकीच्या काचेतून बघत होत्या. पहिली कोंबडी बाहेर आली, तिने मातीला पाय लावला आणि चटका बसल्यासारखा वर घेतला. दुसरीने पहिलीकडे बघून तेच केलं. मग चौघी धावत सुटल्या, मोरीजवळच्या सिमेंटच्या पट्टीवर चढल्या आणि भिंतीकडे तोंड करून एका रांगेत उभ्या राहिल्या. ढीग त्यांच्या मागे होता. त्यांनी मान वळवूनसुद्धा त्याच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी त्या तशाच उभ्या होत्या, दुसऱ्या दिवशीही तशाच. खिडकी उघडायची वाट बघणारी माणसं अधीक्षकांनी आयुष्यभर पाहिली होती, त्यामुळे ते दृश्य त्यांना ओळखीचं वाटलं. फक्त इथे खिडकी नव्हती.

त्यांनी पोल्ट्रीवाल्याला फोन लावला. "अहो, या उकरत नाहीत."

"उकरतील कशा? पिंजऱ्याला खाली जाळी असते साहेब. माती त्यांनी बापजन्मात बघितलेली नाही. खाणं तोंडापुढच्या पन्हाळीत येतं, तेवढं त्यांना माहीत."

"पण तुम्ही म्हणालात अनुभव आहे."

"आहे ना. पिंजऱ्याचा आहे."

अधीक्षकांनी फोन ठेवला. नेमणुकीत झालेली चूक कबूल करायची प्रथा त्यांच्या विभागात नव्हती. शिवाय कोंबड्या बदलून आणाव्यात तर ते बाईंच्या लक्षात आलं असतं.

दरम्यान त्यांनी आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. कोंबड्या आणण्याआधीच ते परवानगीसाठी नगरपालिकेत जाऊन आले होते.

"घरच्या चार कोंबड्यांना परवानगी लागत नाही, काका," टेबलावरची कारकून मुलगी म्हणाली होती.

"लागत नाही, असं लेखी द्या."

"जे लागतच नाही ते लेखी कशावर देऊ?"

"मग परवानगीच द्या."

मुलीने शेजारच्या टेबलाला विचारलं, शेजारच्या टेबलाने आतल्या खोलीला विचारलं. आतल्या खोलीने शेवटी जुन्या कपाटातून एक नमुना शोधून काढला. तो घोडे, बैल वगैरे कामाची जनावरं पाळणाऱ्यांसाठी होता. त्यात उद्देशाच्या जागी अधीक्षकांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "ओल्या कचऱ्याचा ढीग उकरून खत करणे. हे काम सदर कोंबड्या स्वतः करतील." 'स्वतः'खाली त्यांनी रेघ मारली. आता अर्ज आला म्हणजे तपासणी आली. आरोग्य निरीक्षक येऊन बघणार, जनावर सांगितलेलं काम करतं की नाही. करत नसेल तर ते विनाकारण पाळलं आहे असं ठरणार आणि हलवावं लागणार. अर्जच केला नसता तर कुत्रं विचारत नव्हतं. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि हात दाखवायला अधीक्षक स्वतः रिक्षा करून गेले होते.

कोंबड्या काम करत नाहीत ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. "कोंबडीला दात नसतात, तेव्हा मला त्यातलं फारसं कळत नाही," अशी सुरुवात करून दातांचे डॉक्टर बराच वेळ बोलले. कोबीचा गड्डा दोरीने उंच टांगावा, म्हणजे कोंबड्या उड्या मारतील, उड्यांनी पायांत बळ येईल, बळ आलं की त्या आपोआप उकरतील, असं त्यांचं म्हणणं होतं. अधीक्षकांनी गड्डा टांगला. कोंबड्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, म्हणजे आधीच फिरवलेली होती ती तशीच ठेवली. दोन दिवसांनी गड्ड्याला वास यायला लागला तेव्हा तो ढिगात गेला.

मावशींनी भिंतीवरून वेगळं निदान केलं. "चार बायका नुसत्या उभ्या आहेत, म्हणजे घरात कुणी सांगणारं नाही. कोंबडा आणा."

"माझ्या घरात एक बाई आहे, मावशी, आणि तिला कुणी सांगावं लागत नाही."

"बाईंची गोष्ट वेगळी हो. बाईंनी मनावर घेतलं तर या कोंबड्या अंगण झाडतील," असं म्हणून मावशींनी आपल्या भाच्याकडचा कोंबडा दोन दिवसांसाठी उसना आणून दिला.

कोंबडा कर्तबगार होता. आल्या आल्या त्याने ढिगाचा एक कोपरा उकरला, अळी काढली आणि चौघींना हाका मारल्या. एकही आली नाही. त्याने दुसरा कोपरा उकरला, पुन्हा हाका मारल्या. संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसला आणि अधीक्षकांना त्याच्याबद्दल मनापासून सहानुभूती वाटली. रात्री त्यांनी त्याला डालग्याखाली झाकून ठेवलं. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. झाकलेलं कोंबडं तांबडं फुटायच्या कितीतरी आधीपासून ओरडत सुटतं, हे कुणी सांगत नाही. सकाळी गल्लीतले सगळे दिवे लागलेले होते. डालगं उचलताच कोंबडा भिंतीवर चढला, पलीकडे उतरला आणि तिथे त्याला मावशींच्या कुंड्या सापडल्या. त्याने त्या एकेक करून नीट उकरल्या. गुलाब गेले, बटाटे निघाले.

"तुमच्या कोंबड्याने माझी बाग खाल्ली," मावशी म्हणाल्या. कोंबडा त्यांच्याच भाच्याचा होता ही गोष्ट अधीक्षकांनी एकदाच आणि अगदी हळू आवाजात निदर्शनाला आणली. पुढचे बरेच दिवस मावशी फक्त बाईंशी बोलत होत्या.

इकडे ढीग वाढत होता आणि वास तर ढिगाच्याही पुढे गेला होता. बाईंनी दुसरी खिडकी लावून घेतली. कधीकधी त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, ढिगाकडे बघायच्या, त्यांचा हात बाहीकडे जायचा आणि त्या परत आत वळायच्या. शब्द दिला होता तो त्या पाळत होत्या. अधीक्षकांना वाटायचं, एखाद्या दिवशी तिने तो मोडला तर किती बरं होईल. आणि लगेच वाटायचं, मोडला तर आपण संपलो.

अशा एका सकाळी, बाई शाळेत गेल्यावर, अधीक्षक ढिगाची पाहणी करत असताना केळीच्या सालीवरून घसरले. पडले नाहीत. चपलेला काहीतरी चिकटलं ते काढायला त्यांनी चप्पल ढिगावर दोनदा मागे घासली आणि काय निघालं ते बघायला खाली वाकले. खालून एक पांढरी जाड अळी वर आली होती. तेवढ्यात त्यांच्या पायाशी एक चोच आली आणि अळी गेली. रांगेतली शेवटची कोंबडी होती ती. दिवसभर एका डोळ्याने सगळं बघत राहायचं आणि काही करायचं नाही, या सवयीवरून अधीक्षक तिला मनातल्या मनात हेडक्लार्क म्हणायचे. हेडक्लार्क मातीवर उभी होती. तिने मान तिरकी करून अधीक्षकांच्या पायाकडे बघितलं. पुढे काय, असं ती विचारत होती हे समजायला पक्ष्यांची भाषा यावी लागत नाही.

अधीक्षकांनी अंगणाचं फाटक लावून घेतलं, आजूबाजूच्या खिडक्यांवर नजर फिरवली आणि चपला काढून ठेवल्या.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्यांनी हाताने उकरून बघितलं, बागेतल्या पंजाने उकरून बघितलं. कोंबड्या बिचकून रांगेत परत गेल्या. पायानेच उकरावं लागे. डावा पाय दोनदा, उजवा एकदा, मग एक पाऊल मागे. मागे सरल्याशिवाय त्या पुढे येत नसत. आणि मागे सरल्यावर मान घालून खाली बघावं लागे, तेही खरोखरच काहीतरी सापडलं आहे अशा चेहऱ्याने. नुसतं बघितल्यासारखं केलं तर हेडक्लार्कला ते बरोब्बर कळायचं आणि ती भिंतीकडे तोंड करायची. वरिष्ठ मनापासून काम करतो आहे की वेळ काढतो आहे, हे हाताखालच्यांना कळतं ही गोष्ट अधीक्षकांना निवृत्तीनंतर कळली.

हळूहळू चौघी मातीवर आल्या, आणि मग स्वतः उकरायला लागल्या. एकदा लागल्या की त्या दुपारपर्यंत थांबत नसत. ढीग खालवर करून टाकत. पण रोज सकाळी आपण होऊन सुरुवात काही करत नसत. अधीक्षक ढिगावर चढून उकरेपर्यंत चौघी पट्टीवर रांगेत उभ्या. अधीक्षकांना यात वावगं वाटलं नाही. त्यांच्या विभागातही साहेब येऊन बसल्याशिवाय कुणी फाइल उघडत नसे.

हे सगळं बाई घरात नसतानाच चालायचं. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने एके काळी बत्तीस टेबलं गप्प व्हायची, तो माणूस अंगणात अनवाणी पायाने कचरा उकरतो, हे जगाला कळू देण्यासारखं नव्हतं.

"हल्ली तुमच्या पायांना काय झालंय?" बाईंनी एकदा विचारलं. "नखं बघा."

"फिरायला जातो."

"अनवाणी?"

"मातीचा स्पर्श चांगला असतो म्हणतात."

"बरं."

एकदा मात्र ते सापडता सापडता वाचले. मान खाली घालून उभे असताना वरून आवाज आला, "अधीक्षकसाहेब, हा कुठला व्यायाम?" दातांचे डॉक्टर गच्चीच्या कठड्यावर रेलले होते.

"पाठीचा," अधीक्षकांनी मान वर न करता सांगितलं.

"मागे सरताना श्वास घ्यायचा की सोडायचा?"

"सोडायचा."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर गच्चीवर तो व्यायाम करायला लागले. आठवड्याने त्यांनी सांगितलं की पाठीत खूप फरक आहे आणि ते आता पेशंटांनाही सांगतात.

होता होता ढिगाचा वास गेला. ढीग खाली बसला, काळा पडला, हातात घेतला तर भुसभुशीत लागायला लागला. बाईंनी एक खिडकी उघडली, मग दुसरी. अधीक्षकांनी पहिलं घमेलं चाळून भरलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते घमेलं त्यांनी उगाचच दिवसभर दिवाणखान्यात ठेवलं. संध्याकाळी त्यातलं थोडं खत मावशींच्या कुंड्यांसाठी पाठवून दिलं.

मावशी भिंतीशी आल्या. चेहरा निवळला होता. "बाई, काय खत केलंत हो. हाताला गुण आहे तुमच्या."

"मी हातसुद्धा लावला नाही, मावशी. सगळं यांनी केलंय."

"असं म्हणायचा मोठेपणा तुमच्याकडेच," मावशी म्हणाल्या आणि अधीक्षकांकडे बघून मायेने हसल्या. सभेत बक्षीस मिळालेल्या मुलाच्या धाकट्या भावाकडे बघून हसतात, तसं.

मग डॉक्टर येऊन गेले, कोपऱ्यावरचा वाणी येऊन गेला. प्रत्येकाने बाईंचं अभिनंदन केलं. बाईंनी प्रत्येकाला खरं सांगितलं, आणि जितकं खरं सांगितलं तितकं त्यांचं नाव होत गेलं. अधीक्षक शेजारी उभे असायचे. कसं केलंत, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. त्यांना फार लागलं. कपाट, कुंपण, नळ, सगळं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. पण हे एक त्यांचं होतं.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आरोग्य निरीक्षक आले. त्यांच्या हातात हेल्मेट होतं. अंगणात शिरताच ते त्यांनी स्वतःच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये धरलं. निरीक्षक आला म्हटल्यावर मावशी भिंतीशी आल्या, डॉक्टर फाटकातून आत आले, आणि वाणी दुकान तसंच टाकून आला. शाळेला सुट्टी असल्यामुळे बाई घरात होत्या. बाई घरात असल्यामुळे सकाळची सुरुवात झाली नव्हती. कोंबड्या पट्टीवर रांगेत, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काम करतात?" निरीक्षकांनी विचारलं.

"करतात," अधीक्षक म्हणाले.

"आत्ता करत नाहीयेत."

"सुरू व्हायच्या आहेत."

"कधी?"

सगळे थोडा वेळ कोंबड्यांच्या पाठींकडे बघत उभे राहिले.

"खत छान झालंय," निरीक्षक चिमूट उचलून म्हणाले, "पण मला पक्षी काम करताना दिसायला हवेत. नाही दिसले तर 'पक्षी निरुद्योगी' असं लिहावं लागेल. मग हलवावे लागतात." त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि ते आपोआप बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही जरा करून दाखवता का?"

"माझं नाही ते. यांचं आहे."

"बाईंचा स्वभावच तसा," मावशींनी भिंतीवरून निरीक्षकांना समजावलं. "स्वतःकडे काही घेत नाहीत."

"मावशी, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

निरीक्षक कौतुकाने हसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. बाईंनी पेनाकडे बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. त्यांचा हात बाहीकडे गेला. अधीक्षकांना तो हात माहीत होता. आता ती पुढे येईल, सरका जरा म्हणेल, मूठभर दाणे टाकेल नाहीतर आणखी काहीतरी करेल, आणि ते जमेल. तिला सगळं जमतं. कोंबड्या राहतील, गल्ली टाळ्या वाजवेल आणि खतसुद्धा फाटकाच्या पुढचं होऊन जाईल.

"थांब," अधीक्षक म्हणाले.

बाई थांबल्या.

अधीक्षकांनी तपासणीसाठी म्हणून इस्त्रीची पँट घातली होती. ती त्यांनी गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हे बघितलं, चपला जोडून ठेवल्या आणि ते ढिगावर चढले. डावा पाय दोनदा. उजवा एकदा. एक पाऊल मागे. मग मान खाली घालून त्यांनी त्या जागेकडे बघितलं, आणि त्यांच्या कानापर्यंत लाली चढली तरी चेहऱ्यावरचं कुतूहल त्यांनी ढळू दिलं नाही.

पट्टीवर हेडक्लार्कने मान वळवली. ती खाली उतरली, चालत आली आणि अळी उचलून अधीक्षकांच्या शेजारी उभी राहून उकरायला लागली. मागोमाग तिघी आल्या. अधीक्षकांनी आणखी एकदा डावा पाय मारला, खरं तर गरज नव्हती. कोंबड्या आता त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. माती उडत होती, सालं उडत होती, निरीक्षकांच्या हेल्मेटवर चहाचा चोथा पडला.

"हा तर आपला पाठीचा," डॉक्टर हळूच म्हणाले आणि एकदम गप्प झाले. आपण पेशंटांना काय काय करायला लावलं आहे हे त्यांच्या ध्यानात येत असावं.

निरीक्षकांनी पेन कागदाला टेकवून पुन्हा उचललं. "एक शंका आहे. अर्जात 'स्वतः' लिहिलंय, खाली रेघसुद्धा आहे. मग काम नक्की कोण करतं, कोंबड्या की तुम्ही?"

"काम त्याच करतात," अधीक्षक ढिगावरूनच म्हणाले. "मी फक्त सुरू करून देतो. नोकरीतही हेच करत होतो."

निरीक्षक विचारात पडले. त्यांना बहुधा त्यांचं स्वतःचं कार्यालय आठवलं असावं. "पक्षी काम करतात. पर्यवेक्षण आवश्यक," असं त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं, हेल्मेट झटकलं आणि ते गेले.

लोकही पांगले. समोर कुणी हसलं नाही. एवढी रीत गल्लीला होती. पण फाटक लागलं आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मावशींचं, मग वाण्याचं, मग दोघांचं मिळून हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. अधीक्षक पाय धुऊन आत जाऊन बसले. त्यांना लाज वाटत होती. आता दूध आणायला गेलं तरी लोक आधी आपल्या पायांकडे बघणार, हे त्यांना दिसत होतं. जेवायला हाक आली तेव्हा ते भूक नाही म्हणाले.

उन्हं उतरल्यावर बाई त्यांच्या समोर येऊन बसल्या.

"रोज तुम्हीच उकरत होतात?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"कोंबडा गेल्यापासून."

बाईंनी त्यांच्या पायांच्या नखांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही पोल्ट्रीवाल्याला गुपचूप बोलावून घेताय."

अधीक्षकांनी वर बघितलं. म्हणजे एवढे दिवस ती सगळ्यांना यांनी केलंय, यांनी केलंय म्हणून सांगत होती, तेव्हा तिचाही त्यावर विश्वास नव्हता. हे त्यांना मावशींच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"गल्ली हसली," ते म्हणाले.

"हसली. मीसुद्धा हसले, स्वयंपाकघरात जाऊन." बाई उठल्या. "पण उद्या तुम्हाला ताप आला तर? पर्यवेक्षण आवश्यक लिहून गेलाय तो. चला, मला शिकवा."

मागच्या अंगणात ऊन तिरपं झालं होतं. दिवसाचं काम आटोपून कोंबड्या पट्टीवर परत रांगेत उभ्या होत्या. बाईंनी बाह्या वर केल्या, चपला काढल्या, त्या ढिगावर चढल्या आणि त्यांनी सपासप उकरलं. पटापट, नीट, फळा पुसावा तसं. कोंबड्या हलल्या नाहीत.

"घाई झाली," अधीक्षक म्हणाले. "आणि मागे सरायचं राहिलं."

बाईंनी पुन्हा केलं. मागे सरल्या.

"आता खाली बघ. तसं नाही, तू तपासल्यासारखं बघतेस. काहीतरी मिळेल असं वाटून बघायचं."

बाईंनी तसं बघायचा प्रयत्न केला. हेडक्लार्कने मान वळवली, एका डोळ्याने बाईंचा चेहरा पाहिला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी तिसऱ्यांदा केलं, चौथ्यांदा केलं. कपाळावर घाम आला, पायाला चोथा लागला. अधीक्षक बाजूला उभे राहून डावा, डावा, उजवा असं सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात हळूहळू पूर्वीचं वजन येत होतं.

शेवटी बाई ढिगावरून खाली उतरल्या. "हे मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच करा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य अधीक्षकांनी या घरात कधी ऐकलं नव्हतं. ते पुन्हा एकदा ऐकायला मिळेल म्हणून ते जरा थांबले. बाई पायावरची माती झटकत होत्या. त्यांना खरंच जमलं नाही, की जमवायचं नव्हतं, हा प्रश्न अधीक्षकांच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक प्रकरण चौकशी न करता बंद केलं, पँट दुमडली आणि ते ढिगावर चढले.